कायद्याची वेस आणि मनाची वेस

जहाज धक्क्याला बांधलेले असते तोवर त्यावरील मद्यगृहाला पुष्कळदा कुलूप असते. नांगर उचलला जातो, बंदर मागे पडते, किनाऱ्याचा कायदा जेथे संपतो ती अदृश्य रेषा ओलांडली जाते, आणि तेच कुलूप निघते. बाटली तीच, पेला तोच, पिणाराही तोच. मधल्या काही घटकांत बदलले ते केवळ जहाजाखालचे पाणी. मग दुपारी जे निषिद्ध होते ते सायंकाळी निर्दोष कसे झाले? आणि सायंकाळी ते निर्दोष असेल तर दुपारी त्यात दोष कोणता होता? प्रस्थानाच्या दिवशी प्रवाशांच्या थट्टेचा विषय होणारा हा प्रकार थट्टेवारी नेऊन सोडून देण्यासारखा नाही. कर्माचा दोष कर्मात असतो की ते जेथे घडते त्या भूमीत असतो, हा जुना प्रश्न त्यातून नव्याने उभा राहतो.

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील वाचक म्हणेल की, आमच्याकडे समुद्र नाही, मग जहाजाची ही उठाठेव कशाला? समुद्र नाही हे खरे. पण वेस म्हणजे काय हे या भागाइतके कोणाला ठाऊक असणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड व जहिराबादकडील भाग आंध्र प्रदेशात गेला. आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण यांसह बीदर म्हैसूर राज्यात आले. सोयरीक तीच, बाजार तेच, जत्राही त्याच. कायदे मात्र तीन ठिकाणचे झाले. त्याही आधी, १९५० नंतरची काही वर्षे, मुंबई राज्यातील सोलापूर जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी होती आणि त्याला लागून असलेल्या हैदराबाद राज्यातील गुलबर्गा जिल्ह्यात तशी बंदी नव्हती. म्हणजे अक्कलकोट तालुक्यातला शेतकरी बांध ओलांडून आळंद तालुक्यात आला की त्याच्यापुरता कायदा बदलत असे. पुढे १९९५ साली आंध्र प्रदेशाने संपूर्ण दारूबंदी केली आणि १९९७ साली ती सैल केली. तेवढ्या काळात जहिराबादच्या माणसाला बीदरची वेस तीच झाली, जी बंदर सोडणाऱ्या प्रवाशाला समुद्रातली रेषा असते. बांध मातीचा असो की पाण्याचा, प्रश्न एकच.

या प्रश्नाचा कायद्याच्या बाजूने विचार करावयाचा तर मुंबई राज्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो झाला, आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मुंबई हे देशाचे मोठे बंदर. तेव्हा जहाजांचे काय करावे हा प्रश्न कायदा करणाऱ्यांपुढे उभा राहणे अटळच होते. मूळ कायद्याच्या ३९ व्या कलमाने मालवाहू बोटी, युद्धनौका व सैन्यवाहू बोटी, तसेच लष्करी व नाविक भोजनगृहे यांत विलायती मद्याची मोकळीक देण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या यादीत उतारूंच्या बोटी नव्हत्या. परदेशात जन्मलेल्या व वाढलेल्या लोकांना, तसेच प्रकृतीसाठी मद्य आवश्यक ठरलेल्यांना परवाने देण्याची सोय दुसऱ्या कलमांत होती. या कायद्यास एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांविषयीच्या काही तरतुदी रद्द केल्या आणि कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला. लष्कर व परदेशी पाहुणे यांना वेगळे मानणे समतेच्या तत्त्वाला सोडून नाही, असेही ठरले.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली निर्णय दिला की, अमेरिकेच्या प्रादेशिक पाण्यात शिरलेल्या परदेशी जहाजालाही ही बंदी लागू आहे; उलट खुल्या समुद्रात असलेल्या खुद्द अमेरिकन जहाजालाही ती लागू नाही. या निर्णयाने युरोपातील आगबोटी अडचणीत आल्या, कारण मद्य घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात शिरणेच गुन्हा झाला. शेवटी १९२४ साली ब्रिटनशी तह होऊन, मद्याच्या कोठारास मोहोर लावलेली असल्यास जहाजाने बंदरात यावे, अशी तडजोड झाली. मोहोर लावलेली कोठी म्हणजे एका राष्ट्राच्या कायद्याने दुसऱ्या राष्ट्राच्या सवयीशी केलेला करार. त्या करारात नीतीचा शब्द नाही. आहे तो केवळ अधिकाराच्या हद्दीचा.

आज भारताचा प्रादेशिक सागर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मानला जातो. १९५६ साली तो ६ मैल होता आणि १९६७ साली १२ झाला. जकातीच्या बाबतीत १९६२ चा कायदा परदेशगामी जहाजास भांडारातील माल विनाशुल्क वापरू देतो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजास ती सवलत नाही. मुंबईहून गोव्याकडे व पुढे लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सहलीच्या जहाजांचा विचार केला तर या वेशींचे जाळे किती गुंतागुंतीचे आहे हे ध्यानात येते. महाराष्ट्रात मद्यपानास आजही कायद्याने परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात; गोव्यात १८ वर्षे पुरेशी होतात; लक्षद्वीपात बंगारामचे बेट सोडल्यास दारूबंदीच आहे. एकाच सफरीत २० वर्षांचा एक तरुण मुंबईच्या भूमीवर अपात्र, गोव्याच्या भूमीवर पात्र आणि लक्षद्वीपच्या भूमीवर पुन्हा अपात्र ठरतो. त्याची बुद्धी, त्याचे शरीर, त्याचे आईबाप, यांत मधल्या चार दिवसांत काहीही फरक पडलेला नसतो.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे आधुनिक राज्ययंत्राचे विकार आहेत, आपल्या पूर्वजांपुढे असले प्रश्न नव्हते. वस्तुस्थिती तशी नाही. बौधायन धर्मसूत्राच्या पहिल्या प्रश्नाच्या आरंभीच उत्तरेकडील व दक्षिणेकडील लोकांचे पाच पाच विवादास्पद आचार दिले आहेत. दक्षिणेच्या आचारांत मामाच्या मुलीशी विवाह करणे, शिळे अन्न खाणे अशा गोष्टी आहेत. उत्तरेच्या आचारांत लोकर विकणे, शस्त्रांवर उपजीविका करणे यांच्या जोडीला दोन आचार आहेत ते आपल्या विषयाशी थेट भिडणारे : सीधू नावाचे मद्य पिणे आणि समुद्रातून प्रवास करणे. मद्य आणि समुद्र एकाच यादीत बसलेले पाहून वाचकाला नवल वाटेल. त्यापुढे वाद आहे. एक मत असे की, ज्या देशाचा जो आचार तो त्या देशापुरता प्रमाण. दुसऱ्या देशात तो करणारा दोषी. म्हणजे उत्तरेत सीधू पिणारा निर्दोष, तोच दक्षिणेत प्याला तर सदोष. आजच्या भाषेत, बंदराबाहेर निर्दोष, बंदरात सदोष. गौतमांचे मत सूत्रकारांनी लगेच दिले आहे, की हे खोटे आहे. आणि सूत्रकारांचा स्वतःचा कल असा, की शिष्टांच्या स्मृतीला विरोध असल्याने दोन्हीकडचे आचार आदरू नयेत.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. समुद्रगमनाचा दोष काळाच्या ओघात गळून गेला. विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्त द्यावे की नाही यावर ज्या समाजांत एकेकाळी तट पडले, त्याच समाजांतील मुले आज समुद्रापलीकडे निर्वेधपणे शिकतात आणि देवळात परत येऊन नमस्कार करतात. मद्याचा प्रश्न मात्र गळून गेला नाही. याचे कारण आमच्या मते असे, की समुद्रगमनाचा निषेध मुख्यतः स्थळाचा होता, आणि स्थळाचे भय ओळखीने संपते. मद्याचा प्रश्न मनाच्या स्वामित्वाचा आहे. त्याला भूगोल पुरत नाही.

मग बंदरातील कुलूप व्यर्थ काय? मुळीच नाही. राज्याचा कायदा वेशीपाशी थांबतो तो नीती तेथे संपते म्हणून नव्हे, तर राज्याचा हात तेथे संपतो म्हणून. आपला हात कोठवर पोहोचतो हे प्रामाणिकपणे सांगणे हा कायद्याचा दोष नसून गुण आहे. चूक होते ती त्या मौनाचा अर्थ लावण्यात. राज्याने ‘पुढे मी बोलणार नाही’ असे म्हटले, की मनुष्य त्यात ‘पुढे सारे योग्यच आहे’ असे ऐकतो. घरातील वडील माणूस झोपी गेले म्हणजे त्यांनी संमती दिली, असे समजणाऱ्या मुलासारखेच हे आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी. धक्क्यावर कुलूप आहे म्हणून जो प्याला नाही, त्याने संयम केला असे म्हणता येत नाही. तो केवळ थांबला. जो पिशवीत बाटली लपवून शिडी चढला त्याने तर कायदाही मोडला आणि स्वतःलाही फसवले. आणि जो खुल्या समुद्रात, नियमाने, मर्यादेत एक पेला घेतो, त्यास पापी ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की आपल्या कृतीचे कारण विचारले असता त्याने नकाशाकडे बोट दाखवू नये. आपली प्रकृती, आपले घर, आपल्या सोबतीला असलेली मुले, यांना साक्षीला ठेवून त्याने उत्तर द्यावे. ते उत्तर बंदरात आणि बंदराबाहेर एकच असले पाहिजे.

या विषयाला न्यायाचेही एक अंग आहे. जहाजावरच्या प्रवाशाला वेस म्हणजे दोन-तीन तासांची वाट पाहणे. ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे आहेत त्याच्यासाठी प्रत्येक कायद्याला पलीकडचा काठ असतो. सीमेवरच्या मजुराला असा काठ परवडत नाही; आणि परवडला तर त्याचे मोल त्याच्या घरचे लोक देतात. दिवसाची मजुरी घेऊन तो बांधापलीकडे गेला, की इकडे चूल किती वाजता पेटेल हे तो परतेपर्यंत ठरत नाही. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायीवर बंदी घातली. मजुरांच्या बायकांना दिलासा वाटावा असाच तो निर्णय होता. परंतु सारायी गेली आणि दुकानातली बाटली राहिली, हेही विसरता येत नाही. मुंबईच्या कायद्यातील परवाना असो, जहाजाचे निघालेले कुलूप असो की दुकानातली बाटली असो, वेशीतली फट बहुधा ऐपतवाल्याच्या उंचीची असते. सुखवस्तू माणसाने आपल्या सवलतीला स्वातंत्र्य म्हणावे आणि मजुराच्या तशाच वर्तनाला व्यसन म्हणावे, हा दुटप्पीपणा देवळाच्या सभामंडपात बसून बोलणाऱ्यांच्याही तोंडी आढळतो. तो प्रथम आपण टाकला पाहिजे.

शेवटी, आमच्याच भागातील एक नित्याचे दृश्य या विचाराला आधार देते. अक्कलकोटला स्वामी समर्थांचे दर्शन घेऊन असंख्य यात्रेकरू गाणगापूरकडे निघतात. वाटेत राज्य बदलते, फलकांवरील लिपी बदलते, दुकानांचे नियम बदलतात. परंतु सप्ताहाचा संकल्प करून निघालेल्याचा नेम त्या फलकापाशी सुटत नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून तो माधुकरीसाठी दारी उभा राहतो तेव्हा, आपण महाराष्ट्रात आहोत की कर्नाटकात, याचा त्याच्या व्रताशी काडीचाही संबंध नसतो. त्याच्यावर पहारा नाही, त्याच्या पिशवीला मोहोर नाही. संकल्प सोडताना त्याने पाणी हातात घेतले, तेव्हाच त्याची वेस त्याच्याबरोबर चालू लागली.

कायदा आणि व्रत यांतील भेद तो हाच. कायद्याची वेस जमिनीत रोवलेली असते, म्हणून ती ओलांडता येते. व्रताची वेस माणसाबरोबर चालते, म्हणून ती ओलांडावयाची तर आधी स्वतःला ओलांडावे लागते. समाजाला दोहोंची गरज आहे. ज्यांचा निश्चय अद्याप कच्चा आहे, ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांच्यासाठी बाहेरचे कुलूप हवेच, आणि ते निष्पक्षपणे सर्वांना लागले पाहिजे. परंतु कुलपावर विसंबलेला संयम जहाज बंदरात असेतोवरच टिकतो. प्रस्थानाच्या दिवशी घड्याळाकडे पाहत बसलेल्या प्रवाशाने, आणि सायंकाळी बांधाकडे निघालेल्या आपल्या गावकऱ्यानेही, मनाला एकच प्रश्न विचारावा : ही रेषा नसती तर मी काय केले असते? त्या प्रश्नाचे जे उत्तर येईल तेच त्याचे शील. बाकी सारे किनाऱ्याचे नियम.