पडलेले पिल्लू आणि मोकळा हात

मे महिन्याच्या अखेरीस पेडणे व डिचोली तालुक्यांत पावसाआधीचे वारे सुटतात. आंब्याफणसांच्या फांद्या मोडतात, माडांच्या झावळ्या गळतात आणि जुन्या कौलारू घरांच्या वाशांतली घरटी खाली येतात. अशा दिवसांत बुलबुलाचे, दयाळाचे किंवा साळुंकीचे एखादे पिल्लू अंगणात सापडते. मुले ते ओंजळीत घेऊन येतात व विचारतात, “आता याचे काय करायचे?” प्रश्न लहानांचा खरा, पण त्याला उत्तर देताना मोठ्यांच्या दयेची पारख होते. म्हणून शास्त्राच्या प्रकाशात त्याचा थोडा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

काही जण म्हणतात, “सृष्टीचा नियमच असा आहे. कावळ्याला आणि धामणीलाही देवानेच पोट दिले आहे.” हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ईयोबाच्या ३८ व ३९ या अध्यायांत कावळ्याच्या पिलांना भक्ष्य पुरविणारा देवच आहे, आणि गरुडाची पिले रक्तावर वाढतात असेही तेथे सांगितले आहे. एक जीव वाचविताना आपण दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतो, हे खरे. रानातले प्रत्येक पिल्लू वाचविण्याचा भार देवाने आपल्यावर घातलेला नाही.

परंतु वाटेत आलेल्याचे काय? दयाळू शोमरोनी यरीहोच्या रस्त्यावर जखमी माणसांचा शोध घेत हिंडत नव्हता. मात्र जो वाटेत आडवा पडला होता, त्याला ओलांडून तो गेला नाही. आपली जबाबदारी तेवढीच आहे, पण तेवढी नक्की आहे. शिवाय पुष्कळदा घरटे वाऱ्याने पडत नाही, माणसाच्या कुऱ्हाडीने पडते. डिचोलीत खाणींसाठी डोंगर खणले गेले. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळासाठी झाडे तोडली गेली व २०२३च्या जानेवारीत तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. लोकांना रोजगार हवा, रस्ते हवेत, हे आम्ही जाणतो. तथापि आपण तोडलेल्या झाडावरून पडलेल्या पिलापुढे ‘सृष्टीचा नियम’ सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

प्रभूने चिमण्यांविषयी जे सांगितले (मत्तय १०:२९) ते नीट पाहावे. चिमणी पडत नाही, असे तो म्हणत नाही. ती पडते, पण पित्याला वगळून पडत नाही, असे तो म्हणतो. लूकाच्या शुभवर्तमानात तर दोन नाण्यांना पाच चिमण्या मिळतात, म्हणजे चारांवर एक फुकट. आणि त्या फुकटच्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही. पित्याला जिची आठवण आहे, तिच्याकडे त्याच्या लेकरांनी पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

मात्र दया केवळ कळवळ्याने पुरी होत नाही. तिला ज्ञान लागते. अंगावर पिसे फुटलेले, पायांवर उभे राहणारे पिल्लू बहुधा अनाथ नसतेच. घरटे सोडल्यावर काही दिवस त्याला नीट उडता येत नाही, आणि आईबाप जवळच्या झुडपातून येऊन त्याला भरवीत असतात. त्याला मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे आणि आपण दूर व्हावे, एवढीच मदत त्याला हवी असते. उघड्या अंगाचे पिल्लू असेल तर सापडल्यास त्याच्याच घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. पिलाच्या चोचीत पाणी ओतू नये; ते श्वासनळीत जाऊन जीव जातो. दूधही पाजू नये. पिल्लू जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडक्यावर, उबेत व अंधारात ठेवून वनखात्याला कळवावे. आणि गव्हाणी घुबडाचे पिल्लू सापडले म्हणून कोणी अपशकुन मानू नये. उंदीर मारून शेत राखणारा तो पक्षी आहे, आणि ख्रिस्ती घरात अपशकुनाला जागा नाही.

खरी कसोटी याच्या पुढे लागते. चार दिवसांत पिल्लू आपल्या हाताला ओळखू लागते, मुले त्याला नाव ठेवतात, आणि कोणीतरी पिंजरा आणू या म्हणतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी पाळण्यास मनाई आहे. आपला पोपटही त्यातून सुटलेला नाही. पण कायद्याच्या आधी शास्त्राने हा धडा दिला आहे. अनुवादाच्या २२व्या अध्यायात वाटेत घरटे सापडले तर पिले घेण्याची मुभा आहे, परंतु आईला सोडून द्यावयाचे आहे. आणि या लहानशा आज्ञेला आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेप्रमाणेच दीर्घायुष्याचे अभिवचन जोडले आहे. पाखरू हाती आले तरी सगळे आपले झाले असे नाही, हे त्या आज्ञेचे मर्म आहे.

पेडण्याच्याच किनाऱ्यावर याचा एक धडा मिळतो. मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालून समुद्रात परत जातात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी उकरली जात. १९९०च्या दशकापासून मोरजीचे गावकरी व वनखाते त्यांची राखण करू लागले. पिले निघाली की कुत्र्याकावळ्यांना दूर ठेवतात. पण पिलांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. वाळूवर सोडतात, आणि ती आपली आपण सरपटत लाटेपर्यंत जातात. त्यांतली फारच थोडी मोठी होतील, हे राखणदारांना ठाऊक असते. तरीही ते सोडतात, कारण समुद्राबाहेर कासवाला जीवन नाही.

सोडलेले पाखरू संध्याकाळपर्यंत ससाण्याच्या तोंडी पडणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण पिंजऱ्यातली सुरक्षितता हे पाखराचे जीवन नव्हे. त्याला त्याचे जीवन परत देणे हीच दया. नाहीतर आपण फक्त आपले मन रिझविले.

मंडळीतही उपकाराचे पिंजरे असतात. व्यसनातून उठलेला तरुण, आपण फी भरून शिकविलेला मुलगा, नव्याने विश्वासात आलेले कुटुंब यांना आपण हात देतो, आणि मग त्यांनी जन्मभर आपल्याच शब्दात राहावे अशी अपेक्षा करतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली, आणखी खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे कबूल केले आणि तो आपल्या वाटेने गेला. त्या जखमी माणसाने त्याचे आभार मानले की नाही, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, या पावसाळ्यात एखादे मूल पिल्लू घेऊन आले तर त्याला रागावू नये आणि पिंजराही सुचवू नये. त्याच्याबरोबर झाडापर्यंत जावे, पिल्लू फांदीवर ठेवावे, दूर उभे राहून आई येते का हे पाहावे. ती आली तर मुलासह देवाचे उपकार मानावेत. उचलणारा हात वेळेवर उघडायलाही शिकला पाहिजे, हा धडा त्या मुलाला तेथे मिळेल.