नियमात बसतं म्हणजे काय?

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉलचे १३ नियम लिहिले. तिसरा नियम असा, की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. ड्रिबलचं त्यात नावही नाही. मग चारी बाजूंनी कोंडलेल्या खेळाडूने करायचं काय? कुणीतरी चेंडू जमिनीवर आपटला, पुढे धावला आणि स्वतःच पकडला. म्हणजे स्वतःलाच पास दिला! आज ज्या ड्रिबलच्या रील्स आपण रात्री दोन वाजेपर्यंत बघतो, तो जन्माला आला पळवाट म्हणून.

मग पळवाट काढणं चुकीचं कसं म्हणायचं? हा प्रश्न मला खेळापुरता वाटत नाही. आमच्या बिडकीनला औद्योगिक वसाहतीमुळे जमिनीला भाव आला, तेव्हापासून 'नियमात बसतं' हे वाक्य चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा चेहरा बघितला की कळतं, काहीतरी बसवलेलं आहे.

नियम करणाऱ्यांनाही ड्रिबल बरीच वर्षं खटकत होता. काही काळ ड्रिबल करत आलेल्या खेळाडूला स्वतः बास्केट करायची मुभा नव्हती. १९२७ मध्ये तर समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरता ठेवायचं ठरवलं. फॉग ॲलन आणि इतर प्रशिक्षकांनी विरोध केला, त्यातून प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. माझ्या मते ॲलन बरोबर होते, आणि कारण साधं आहे. ड्रिबल करताना चेंडू हातातून सुटतो. प्रत्येक टप्प्याला समोरच्याला तो काढून घ्यायची संधी मिळते. पळायची सूट मिळाली, पण तिची किंमत सगळ्यांसमोर मोजून.

आता आपली कबड्डी बघा. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. दम सुटला की बाद. तिथेही पळवाट आहे: आवाज पुटपुटत ठेवायचा आणि मध्येच हळूच श्वास ओढायचा. पंचाला ऐकू गेलं नाही तर तीही 'नियमात बसते'. पण इथे समोरच्या सात जणांना काय मिळालं? काहीच नाही. उलट ज्या एका गोष्टीच्या भरवशावर ते चढाईपटूला थोपवून धरतात, तीच गुपचूप काढून घेतली. म्हणून हिला मी चोरी म्हणतो आणि ड्रिबलला शोध.

ही फूटपट्टी सगळीकडे लागू पडते का? इथे माझी अडचण होते. संध्याकाळी मैदानावर पोरं खेळतात, वयाने मोठा म्हणून शिटी माझ्याकडे असते. सगळ्यात जास्त भांडण होतं पावलांवरून. धावताना चेंडू दोन्ही हातांत घेतला, तेव्हा जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं की नाही? फिबाने २०१७ पासून ते न मोजता पुढची दोन पावलं दिली. जुन्या लोकांना हा लाड वाटतो. पण खरं तर नायस्मिथ यांच्या त्याच तिसऱ्या नियमात वेगात धावताना चेंडू पकडणाऱ्याला थांबायला थोडी सवलत होतीच. फक्त त्यांच्या खेळाडूने थांबायचा प्रयत्न करणं अपेक्षित होतं. आमची पोरं त्या सवलतीत वेग वाढवतात, आणि त्या दोन पावलांत चेंडू पोटाशी धरलेला असतो. मग किंमत कुठे मोजली?

परवा अशाच एका बास्केटवर भांडण पेटलं. मी अडवणाऱ्या नववीतल्या पोराला विचारलं, "तुला चेंडू काढायची संधी होती का रे?" तो घामाघूम, चिडलेला. बाकीचे त्याच्या बाजूने ओरडत होते. तो म्हणाला, "होती दादा. वर उचलला तेव्हा. मी हात उशिरा घातला." त्याच्या संघातल्यांनी त्याला शिव्या घातल्या. मी बास्केट धरली.