ड्रेनेजचा आमदार

२०२४च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाला आठवडा उरलेला असताना, दाराखालून एक पत्रक आत सरकलं. गुळगुळीत कागद, हात जोडलेला उमेदवार आणि खाली त्याचे ‘प्राधान्यक्रम’: ड्रेनेज लाइन, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, ज्येष्ठांसाठी बाकडी. संध्याकाळी प्रतिस्पर्ध्याचं पत्रक आलं. त्यात बाकडी आधी होती, ड्रेनेज नंतर.

महिलांना दरमहा मिळणाऱ्या दीड हजाराचे एकवीसशे करू की तीन हजार, अशी दोन्ही आघाड्यांची बोली तेव्हा चालू होतीच. त्यावर पुरेसं लिहून झालं आहे. माझा राग बाकड्यांवर. शेती, पोलीस, पाणी, आरोग्य यांचे कायदे करणाऱ्या सभागृहात जायला निघालेला माणूस नगरसेवकाची यादी घेऊन का फिरतो? माझ्या डोक्यात एक जुनी वाटणी आहे, काम आणि कायदा. काम एका गल्लीचं असतं, पण त्याला फलक लागतो. कायदा साऱ्या राज्याचा, त्याला फलक नाही. आमच्या बागेतल्या बाकड्यांवर तर ‘यांच्या संकल्पनेतून’ असं लिहिलंय. बाकड्यात संकल्पना कसली, हे मला अजून उमगलेलं नाही.

नोकरीत असताना पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जायचा, फेब्रुवारीत तीनशे. मी फेब्रुवारीवर वैतागायचो, एवढंच. पुष्कळ उशिरा कळलं की हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगलीकडच्या विसापुरात आधी प्रयोग करून पाहिला, बहात्तरच्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला. दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून! पुढे २००५ साली दिल्लीनंही तसा कायदा केला. पागेंच्या संकल्पनेतून झालेलं बाकडं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना जोरात ऐकवलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शांतपणे म्हणाले, “अहो, मी रोजगार हमीची मस्टरं लिहिलीत. कायदा झाला म्हणून काम मिळत नाही. मस्टर निघालं की मिळतं. आणि ते निघावं म्हणून माणसं आमदाराच्याच दारात बसायची.” मग पार्किंगकडे बोट दाखवून, “हे पाणी तुंबतं, ते मी कुणाला सांगू? नगरसेवक दाखवा मला एक.”

दाखवायला नव्हता. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली, तसा आमच्याकडेही प्रशासक आला तो आलाच. मतदाराला दूरचं दिसत नाही, असं मी मानत होतो. पण बाकीची दारं बंद असताना माणूस उघड्या दारातच जाणार. सेक्रेटरी जिंकले, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

रात्री पुन्हा विचार केला. नगरसेवक नाही, कारण निवडणूक नाही. निवडणूक नाही, कारण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात. आणि प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे दिले ते २०२२ साली याच विधिमंडळानं, कायदा करून. म्हणजे पार्किंगमधलं पाणी विधानसभेपर्यंत पोचत होतं! पत्रकात ड्रेनेज लिहिलं त्यात उमेदवाराचं चुकलं नव्हतं. त्यानं पाइपचं एकच टोक लिहिलं होतं. दुसरं लिहिण्यात त्याला रस का असावा? नगरसेवक परत आला की बाकडी त्याच्याकडे जाणार.

दोन दिवसांनी उमेदवाराचा कार्यकर्ता आला. त्याला विचारलं, महापालिकेच्या निवडणुकीबद्दल भाऊंचं मत काय? त्यानं हातातली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, “काका, तुमचं मतदान खोली नंबर तीनमध्ये.”

ड्रेनेजचं काम पुढच्या फेब्रुवारीत झालं. फलकावर आमदारांचं नाव आहे. त्याखाली ‘नगरसेवक’ असं छापलेलं आहे आणि पुढची जागा कोरी.