नाशवंत

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला इंदापुरात माळव्याचा जो भाव असतो, तो संध्याकाळी साडेसहाला नसतो. उन्हं कलली की ओळीत आवाज चढतात, पाट्यांवरचं ओलं गोणपाट बाजूला होतं आणि ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्या बाया जुडी हातात उंच धरून गिऱ्हाईक बोलवायला लागतात. गेल्या महिन्यात अशाच वेळी मी मेथी घेतली. नीरेकाठच्या कुठल्याशा गावाहून आलेल्या एक आजी होत्या. पाटीत आठ-नऊ जुड्या राहिलेल्या. सकाळी पंधराला दिलेली जुडी त्यांनी आता दहाला लावली होती. मी म्हणालो, "आजी, तीसला चार द्या." त्या म्हणाल्या, "दादा, उपटणाऱ्या बाईची हजरीबी निघत न्हाई ह्यात." मी तसाच उभा राहिलो. त्यांनी एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा स्टँडच्या बाजूला पाहिलं आणि चार जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. "न्या. उद्याच्याला पिवळी पडंल ती."

त्यातल्या दोन जुड्या आमच्या घरात पिवळ्या पडल्या. नवव्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून मी ती प्लास्टिकची पिशवी काढली, तेव्हा आत पाणी सुटलेलं होतं. पानं काळपट, बुळबुळीत झालेली. मुळांची माती तशीच, आणि केळीच्या सोपटाची आजींनी मारलेली गाठसुद्धा तशीच. ती गाठ आम्ही कुणी सोडलीच नव्हती.

तेव्हापासून हीच गोष्ट मनात घोळते आहे. भाजी नाशवंत आहे, हे बाजारात उभा असताना मला पक्कं ठाऊक होतं. किंबहुना ते ठाऊक होतं म्हणूनच मला भाव पाडता आला. सोनं, कापड, सिमेंट विकणाऱ्याला संध्याकाळची भीती नसते. त्याचा माल उद्याही तोच असतो. भाजीवालीच्या पाटीला मात्र मावळतीचा धाक असतो, आणि आपण सगळे गिऱ्हाईक त्या धाकावर बोट ठेवून घासाघीस करतो. मग तीच जुडी घरी आली की तिचं नाशवंतपण आपण विसरतो. आजींच्या हातात होती तोवर त्या मेथीला घाई होती, माझ्या हातात आली आणि घाई संपली. हे विसरणं साधं नाही. ज्या गोष्टीचा फायदा घेतला, तिची जबाबदारी मात्र घेतली नाही, असा त्याचा अर्थ होतो. मी दहा रुपये वाचवले आणि पंधरा रुपयांची मेथी टाकून दिली. पैशांचा हिशोब एवढाच, पण टोचतो तो पैसा नाही. तिसरी आणि चौथी जुडी मी स्वस्त पडली म्हणून घेतली होती, खायला नव्हे. घरात आम्ही तिघंच.

ती पिशवी कचऱ्यात टाकायला निघालो तर आईनं हातातून घेतली. खाली वर्तमानपत्र पसरून बसली आणि त्या चिकट गोळ्यातून एकेक पान वेगळं करू लागली. पंधरा-वीस मिनिटं. शेवटी मूठभर पानं निघाली. ती धुऊन तिनं पिठल्यात घातली. बोलली काहीच नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. खडी फोडायला मोठ्यांबरोबर जात होती, दुष्काळी कामावरची सुकडी आणि लाल मिलोची भाकरी तिनं खाल्लेली आहे. उरलेला लगदा गुंडाळताना तेवढं म्हणाली, "शेळी असती तर तिच्या पोटात तरी गेलं असतं."

पूर्वी दारात शेळी होती, परसात उकिरडा होता. टाकलेलं माळवं खत होऊन रानात परत जायचं. आता ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घंटागाडीत जातं आणि कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजत पडतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये अन्ननासाडीचा अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगभरात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असा त्यातला अंदाज आहे. आपल्याला वाटतं, नासाडी होते ती लग्नांत आणि हॉटेलांत. अहवाल सांगतो, त्यातला साठ टक्के वाटा घरांचा आहे. भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो असा आकडा दिला आहे. त्यात साली आणि देठंही धरलेली आहेत, हे खरं. पण आमच्या घरातल्या त्या दोन जुड्याही त्यातच आहेत.

आपल्या इंदापूर तालुक्यात पेरूच्या बागा किती वाढल्या आहेत हे रस्त्यानं जाताना दिसतं. आणि पेरू हे फार हळवं फळ. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेनं २०१५ च्या अहवालात शेतापासून दुकानापर्यंतचं नुकसान मोजलं, तेव्हा फळं-भाज्यांत सगळ्यांत वर पेरू होता, १५.८८ टक्के. नाबार्डच्या सल्लागार कंपनीनं २०२२ मध्ये पुन्हा मोजलं, तर १५.०५. म्हणजे शंभरातले पंधरा पेरू वाटेतच गेले. कॅरेटमध्ये दबून, उन्हात तापून, गाडीत आदळून गेले. एवढ्यातून वाचून जो पेरू आपल्या टोपलीत येतो, त्याला आपण चार दिवस विसरावं आणि मग मऊ पडला म्हणून फेकावं?

इंदापूर हा मुळात अवर्षणाचा मुलूख. इथली जमीन किती बेभरवशाची आहे हे कंपनी सरकारलाही मान्य करावं लागलं होतं. गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यात नव्यानं पाहणी करून सारा उतरवला, तो चढा सारा भरून गावं ओस पडायला लागली होती म्हणून. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ इथं येऊन गेला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, १९८० मध्ये उजनी धरण उभं राहिलं, आणि मग ऊस, केळी, द्राक्षं, डाळिंबं दिसू लागली. पण कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना विचारा. आवर्तन आलं का, चारीला पाणी किती दिवस टिकलं, आपली पाळी दिवसा आली का रात्री, यावर तिथलं माळवं ठरतं. थंडीच्या रात्री घोट्याएवढ्या पाण्यात बॅटरी घेऊन कुणीतरी दारं धरतं, तेव्हा ती मेथी उभी राहते. जगभरची सरासरी काढणाऱ्या एका अभ्यासानं एक किलो टोमॅटोमागं २१४ लिटर पाणी धरलं आहे. उन्हाळ्यात टँकरपुढं हंडे लावणारी बाई आपल्याच तालुक्यात असते आणि किलोभर टोमॅटो फ्रिजवर सुरकुतून पडलेले असतात. हे दोन्ही एकाच पाण्याचं आहे.

"शेतकरी स्वतःच उभ्या माळव्यात मेंढरं सोडतो, रोटर फिरवतो, तेव्हा कुणी बोलत नाही," असं एक मित्र म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला होता आणि सप्टेंबरात तोच भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी परवडेना. पण रोटर फिरवणाऱ्याचा जीव त्या वेळी कसा तुटतो, हे ज्यानं शेजारी उभं राहून पाहिलं आहे तो ही तुलना करणार नाही. त्याच्यावर ती वेळ आणलेली असते, आपल्यावर कुणी आणलेली नसते. आणि त्याच जुलैत आपण काय केलं ते आठवून पाहा. घराघरांत टोमॅटो मोजून आणले गेले, अर्धा चिरून उरलेला अर्धा वाटीखाली झाकून ठेवला गेला. एकही सडला नाही. म्हणजे जपायचं कसं हे आपल्याला येतं. फक्त महाग असलं तरच येतं. कष्ट तर दोन्ही टोमॅटोंमागं सारखेच होते.

हे जपणं म्हणजे काय, ते मी आता आईकडून पुन्हा शिकतो आहे. बाजारातून आल्यावर पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबायची नाही, हा तिचा पहिला नियम. आधी सगळं जमिनीवर पसरायचं. पालेभाजीची गाठ सोडायची म्हणजे आत कोंडलेली ऊब निघून जाते. माती झाडायची, पण धुवायचं नाही. ओली भाजी ठेवली की कुजलीच. मेथी त्याच संध्याकाळी निवडायची, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळायची. जुन्या धोतराच्या, साडीच्या तुकड्यांच्या पिशव्या आमच्याकडं त्यासाठीच शिवलेल्या होत्या. मधल्या काळात त्या माळ्यावर गेल्या होत्या. कोथमीर मुळं बुडतील एवढ्या पाण्यात पेल्यात उभी. मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात. मुळ्याचा पाला लगेच कापायचा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा पिचकतो. त्या पाल्याची भाजी दुसऱ्या दिवशी. बटाटे अंधारात, कांदे वाऱ्यावर, आणि दोघांची एक टोपली नको. कच्चा टोमॅटो बाहेरच पिकू द्यायचा. केळी आणि पिकलेली पपई पालेभाजीपासून लांब.

या शेवटच्या गोष्टीचं कारण मी कृषीच्या पुस्तकात नंतर वाचलं. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यानं शेजारचा पाला लवकर पिवळा पडतो. आईला इथिलीन हा शब्द माहीत नाही. पण तिनं आंब्याची अढी घातलेली आहे. एक पिकला की तो शेजारच्याला पिकवतो, म्हणून अढी रोज चाळायची असते, आणि डागी फळ आधी काढायचं असतं. ते ज्ञान ती फ्रिजलाही लावते. दर एक दिवसाआड खालचा कप्पा चाळते. वापरायचा क्रमही तिचा ठरलेला. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी, गवार, दोडका, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटाला. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्शात जातात, कोथमिरीचे देठ ठेच्यात. गवार जास्त झाली तर उकडून उन्हात. यातलं काही नवीन नाही. तुमच्याही घरात कुणाला तरी हे येत असेल. आपण फ्रिज आणला आणि त्यांना विचारायचं सोडलं.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात विजेविना चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं. आजींच्या पाटीवरचं ओलं गोणपाट तेच काम करत होतं.

गळीत हंगामात बिजवडी, भवानीनगरकडं जाताना ऊसतोडीच्या कोप्या दिसतात. पगाराच्या बाजारादिवशी ही कुटुंबं गावात येतात. मी एकदा अशा एका कोपीपाशी थांबलो होतो. कोपीच्या आडव्या बांबूला कापडाचं एक गाठोडं टांगलेलं होतं. त्यात पाच-सहा वांगी, लसणाचा गड्डा, थोड्या मिरच्या. खाली घमेल्यात भिजवलेल्या चिंधीखाली एक जुडी. पहाटे तीनला फडात जाणारी ती बाई मला म्हणाली, "तीन दिसाचं आणलंय, चौथ्या दिशी ऱ्हात न्हाई कायबी." तिच्याकडं फ्रिज नव्हता. पण घरात माणसं किती, दिवस किती आणि भाजी किती, हे तिला नेमकं ठाऊक होतं. ती जेवढं खाणार तेवढंच विकत घेत होती. गरजेपोटी, हे मला कळतं, आणि तिच्या गरिबीचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. पण बाजारात निघताना तिला जो हिशोब असतो, तो मला नव्हता.

परवाच्या बाजारात मी फ्रिजचा कप्पा आधी पाहिला, उरलेला कोबी आणि चार गाजरं कागदावर लिहून घेतली आणि मगच निघालो. आजी त्याच जागेवर होत्या. भाव दहालाच लावलेला होता. मी चाळीस रुपये काढले. मागच्या वेळचं मनात होतं, म्हणून म्हटलं, "चार द्या आजी, सांगाल त्या भावानं." त्यांनी जुड्या उचलल्या आणि विचारलं, "घरात खानारी किती?"

"तिघं."

त्यांनी दोन जुड्या परत पाटीत ठेवल्या. "मग दोन लई झाली. ऱ्हाईलेली नेऊन काय करता? फुडल्या बाजाराला ताजी हाय की." वीस रुपये परत माझ्या हातावर ठेवले. मग त्यांनी उरलेल्या जुड्यांवर ओंजळभर पाणी शिंपडलं, गोणपाट ओढून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.