परक्याचा निरोप

झेनोपस ही आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बेडकांची जात. तिच्या मादीची अंडपेशी जेमतेम मिलिमीटरभराची असते, अर्धी काळपट आणि अर्धी फिकट. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची सुई टेकली की आधी तिच्यावर खळगा पडतो, मग सुई आत शिरते आणि कणभर द्रव सोडते. त्या द्रवात भलत्याच जिवाचा निरोप असतो : अमुक प्रथिन तयार कर. दोन-तीन दिवसांत अंडपेशी ते घडवते आणि स्वतःच्या आवरणात जागच्या जागी बसवतेही. तिला त्याचा काडीचा उपयोग नसतो. याचं मला राहून राहून नवल वाटतं.

काही फळमाश्यांना ईथरची भूल दिली की त्यांचे पाय थरथरतात. या दोषामागचं 'शेकर' जनुक १९८७ मध्ये हाती लागलं. ते पोटॅशियमच्या वाहिकेचं, म्हणजे पेशीच्या आवरणातून पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनाचं आहे, हे पुढच्याच वर्षी या अंडपेशीत दिसलं. माशीचा निरोप आत गेला आणि पोटॅशियमचा प्रवाह विजेच्या रूपात मोजता आला.

पण उघडलेली वाहिका काही मिलिसेकंदांत आपोआप बंद कशी होते? १९९० मध्ये होशी, झागोटा आणि ऑल्ड्रिच यांनी त्या प्रथिनाचं पेशीच्या आत लोंबणारं टोक छाटलं. वाहिका उघडी राहू लागली. मग तेच टोक वेगळं बनवून आतल्या बाजूने सोडलं, तर ती पुन्हा बंद होऊ लागली. मोरीच्या भोकात बोळा बसावा तसं ते टोक वाट अडवत होतं. इतका सरळ, इतका देखणा प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.

शोधनिबंधात बेडकीच्या वाट्याला एखादी ओळ येते : भूल दिली, पोटाला छेद घेतला, अंडाशयाचा तुकडा काढला, टाके घातले. त्या ओळीवरून माझी नजर पटकन पुढे सरकत नाही.

माणसाच्या हृदयात 'हर्ग' नावाची पोटॅशियमची वाहिका आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पूर्वपदावर याव्यात म्हणून ती लागते. ती बिघडली तर तरणाताठा माणूसही अचानक कोसळतो. ॲलर्जीवरचं टर्फेनाडिन काही रुग्णांच्या जिवावर बेतलं, ते हीच वाहिका अडवून. हे उलगडण्यात बेडकीच्या अंडपेशींचा वाटा होता. ते औषध अनेक देशांतल्या बाजारातून गेलं, आणि आता नवं औषध 'हर्ग'ला अडवतं का, हे आधी तपासून पाहतात.