अनवाणी नवरात्र आणि रेणुकेचे पाय

शंका : आमचे कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. घरी घट बसतात आणि ते नऊ दिवस आई पायात चप्पल घालत नाही. तीस वर्षे हा नेम चालला आहे. आता तिचे वय बासष्ट असून दहा वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायांना मुंग्या येतात, कधीकधी काहीच लागत नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नका म्हणून बजावले आहे. आई म्हणते, "धरलेले सोडले तर देवीचा कोप होईल. आणि इतकी वर्षे तिनेच सांभाळले, आताही तीच सांभाळेल." तिने चप्पल घातली तर व्रतभंग होतो का? होत असेल तर प्रायश्चित्त काय? – एक वाचक, लालबाग

समाधान : व्रतभंग होत नाही आणि प्रायश्चित्ताचा प्रश्नच येत नाही. पण एवढ्याने तुमच्या आईंचे समाधान होणार नाही. 'डॉक्टर सांगतात म्हणून घाल' हे तर त्यांना मुळीच पटायचे नाही, कारण त्यांनी प्रकृतीचा नव्हे, धर्माचा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर धर्माच्याच बाजूने द्यायला हवे. नवरात्राची मुख्य अंगे म्हणजे घटस्थापना, अखंड दीप, रोजची माळ, सप्तशतीचा पाठ, उपवास, होम आणि कुमारिकापूजन. अनवाणी राहणे यांत बसत नाही. तो लोकांनी भक्तीने आपणहून लावून घेतलेला नेम आहे. लोकाचार म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. गिरगाव-परळच्या चाळींत कित्येक घरांत नवरात्र म्हणजे आधी तो नेमच. मात्र जो नेम आपण आपल्यावर घातला, त्याची मर्यादाही आपल्यालाच ओळखावी लागते. 'अनवाणी' या शब्दात 'वहाण' आहे आणि वहाणेच्या मुळाशी संस्कृत 'उपानह्'. अनवाणी म्हणजे वहाणेविना. पायातले काय काढून ठेवले एवढेच तो शब्द सांगतो. का काढले आणि कोणी काढले, हे व्रत करणाऱ्याने ठरवायचे असते.

आता व्रत कशाने मोडते, ते पाहू. व्रत कशाकशाने मोडत नाही, याची आठ गोष्टींची एक यादी आपल्या धर्मग्रंथांत आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि हविष्य यांनी व्रत मोडत नाही. ब्राह्मणाच्या इच्छेखातर किंवा गुरूच्या आज्ञेने काही केले तर मोडत नाही. आणि आठवे आहे औषध. उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपास मोडला, असे तुमच्या आईही म्हणत नसतील. मग जिला सगळे 'एमसीआरची चप्पल' म्हणतात ती मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल मधुमेहाच्या रुग्णाला चिठ्ठीवर लिहून दिली जाते, ती गोळीपेक्षा वेगळी कशी? गोळी पोटात जाते आणि ही पायात, इतकाच फरक. तीर्थयात्रेच्या नियमांतही असेच प्रमाण सांगितले आहे. वाहनाने गेले तर यात्रेचे अर्धे फळ जाते, छत्री-पादुका वापरल्या तर त्याच्या निम्मे. पण यात्रेत व्यापार केला तर तीन हिस्से जातात आणि दान घेतले तर सगळेच. म्हणजे अगदी कडक हिशेबातसुद्धा वहाण फार तर चार आण्यांचा तोटा करते. लोभाने होणारा तोटा त्याहून कितीतरी मोठा, आणि नवरात्रात त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. अनवाणी चालण्यात तप आहे ते कशामुळे? खडा टोचतो, डांबर भाजते, आणि तरीही माणूस पुढे जातो म्हणून. तप सोसण्यात असते आणि सोसायला आधी जाणवावे लागते. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर दोरा घेतात. तो तळव्यावर उभा टेकवून जरा वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा भार पडतो. रुग्णाने डोळे मिटून 'लागले' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे. अंगठा, बोटांच्या मागची गादी, करंगळीचे बूड अशा जागी दोरा टेकतो, वाकतो, आणि रुग्ण गप्पच राहतो, कारण त्याला काही कळलेलेच नसते. अशा पायात दादरच्या फूलबाजारातली गजऱ्याची तार शिरली तरी ती रात्री पाय धुताना पाण्याला रंग आल्यावर समजते. ज्या पायाला खडा कळत नाही, त्याने सोसले काय? तिथे तप उरत नाही, नुसती इजा उरते. म्हणून तुमच्या आईंना सांगा, की तुमचे व्रत डॉक्टरांनी मोडलेले नाही. पायांची जाणीव गेली त्याच दिवशी ते पुरे झाले. देवीने ते पदरात घेतले.

यावर एक आक्षेप हमखास येईल. कष्टाशिवाय व्रत कसले? देवीच्या वाटेवर पाय भाजले तर भाजू द्यावेत. हा आक्षेप घेणाऱ्याने महाभारताचे अनुशासनपर्व उघडावे. छत्री आणि वहाण जगात कशी आली, याची कथा तिथे आहे. जमदग्नी ऋषी खेळ म्हणून बाण सोडत होते आणि पत्नी ते वेचून आणून देत होती. ज्येष्ठाचे ऊन डोक्यावर आले. बाई झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली, म्हणून यायला उशीर झाला. ऋषींनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, उन्हाने डोके आणि पाय भाजले. जमदग्नींचा राग मग बाईवर गेला नाही, सूर्यावर गेला. त्यांनी धनुष्य त्याच्याकडे वळवले. सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने खाली आला आणि त्याने डोक्यासाठी छत्री व पायांसाठी चामड्याच्या पादुका दिल्या. या बाईचे नाव रेणुका. माहूरची रेणुका ती हीच, आणि कार्ल्याची एकवीरा हेही रेणुकेचेच रूप, अशी आपली परंपरा सांगते. म्हणजे तुमच्या कुलस्वामिनीचे पाय भाजले म्हणून वहाण जन्माला आली, असे महाभारत म्हणते. तिच्याच नऊ दिवसांत तिच्या लेकीने पाय भाजून घ्यावेत, असा हट्ट ती कसा धरील? छत्री आणि वहाण यांचे दान पुण्याचे, असेही तीच कथा सांगते. तेराव्याला छत्री-जोडे देण्याची चाल अजून आपल्या घरांत आहे ती याच भावनेची. गेलेल्याच्या वाटेसाठी आपण जोडे देतो. मग हयात आईच्या वाटेसाठी का नकोत?

'देवी सांभाळेल' हा दुसरा आक्षेप. सांभाळेल, पण कशाच्या हातून? अश्विन येतो तेव्हा मुंबईचा पाऊस पुरता गेलेला नसतो. एखादी जोराची सर आली की हिंदमाता, परळ, दादर इथे पाणी साचते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उंदरांच्या मुतातले लेप्टोचे जंतू त्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या बारीकशा चिरेतून रक्तात जातात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतरच्या दिवसांत लेप्टोने शहरात केलेला कहर जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. तेव्हापासून दर पावसाळ्यात पालिका सांगते, की साचलेल्या पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळ्या घ्या. मधुमेहाच्या पायाला तर चीर भरून यायलाच वेळ लागतो. परळच्या मोठ्या रुग्णालयांत बोटे आणि पाऊल कापलेले रुग्ण पाहिले, की त्यांतल्या कित्येकांची सुरुवात नखाएवढ्या फोडापासून झालेली असते. देवीने सांभाळायचे तर ते डॉक्टरांच्या तोंडून आणि चांभाराच्या हातूनही सांभाळते. तिने पाठवलेली चप्पल नाकारायची आणि 'तूच बघ' म्हणायचे, याला श्रद्धा म्हणत नाहीत. ही तिची परीक्षा पाहणे झाले.

एवढे वाचून उलट बाजूचे लोक म्हणतील, मग अनवाणी फिरणेच बंद करा, खुळचट प्रकार आहे. तेही खरे नाही. धडधाकट पायाला मोकळे राहणे मानवते. मंगळूरकडच्या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून 1992 मध्ये निष्कर्ष छापला होता. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण 8.6 टक्के निघाले, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. अबेबे बिकिलाने 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत तीच त्याने जोडे घालून जिंकली, तीन मिनिटे कमी वेळात. पायांच्या जोरावर धावता येते आणि जोड्यांशी त्यांचे वैर नाही, दोन्ही गोष्टी एकाच माणसाने दाखवून दिल्या. शिवाजी पार्कात वाढलेले मिलिंद सोमण मोठमोठी अंतरे अनवाणी धावतात ते नवसाने नव्हे, आवडीने. आणि या शहरात अनवाणी राहण्याच्या नेमाला वेगळी गोडीही आहे. नवरात्रात प्रभादेवी स्टेशनच्या जिन्यावर इस्त्रीची पँट, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र आणि खाली उघडी पावले दिसतात. सोमवारी रात्री सिद्धिविनायकाकडे चालत निघालेल्यांत मोटारवाला आणि हमाल यांच्या पायांत तेवढ्यापुरता फरक राहत नाही. वर्षभर चपलेचा ब्रँड पाहणारे शहर नऊ दिवस काही जणांपुरते ते विसरते. निरोगी माणसाने हे जरूर करावे, फक्त साचलेले पाणी टाळावे आणि घरी येऊन तळवे धुऊन पाहावेत.

पण या समतेलाही एक अट आहे. जोडे आपले असावेत आणि काढणेही आपल्या मर्जीचे असावे. आपल्याकडे अनवाणी चालणे फार काळ मर्जीचे नव्हते. वरच्या म्हणवणाऱ्यांच्या आळीतून जाताना दलितांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. एकोणिसाव्या शतकात बाई पायात जोडे घालून रस्त्याने गेली तर आगाऊ ठरे. इंग्रज साहेबापुढे हिंदी माणसाने जोडे काढावेत हा रिवाज होता. 1862 मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी यांनी जोडे काढायला नकार दिला तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या पायात बूट असतात, त्यांचा अर्थ या इतिहासाशिवाय कळत नाही. ज्यांचे जोडे काढायला लावले गेले त्यांचे अनवाणी चालणे व्रत नव्हते, तो अपमान होता. यावरून घरासाठी एक नियम निघतो. सासूबाई अनवाणी राहतात म्हणून सुनेवर सक्ती नको, मित्रमंडळी करतात म्हणून मुलावर नको, आणि 'तीस वर्षे केले, आता सोडले तर लोक काय म्हणतील' या धाकाने आईवरही नको. लोकलज्जा ही सक्तीचीच धाकटी बहीण आहे.

राहिली घरातली अडचण. डॉक्टर घरातही चप्पल घाला म्हणतात. मग देवघरापाशी ती कशी चालेल? उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या त्या रस्त्याची घाण आत येऊ नये म्हणून. जी चप्पल उंबऱ्याबाहेर कधी गेलीच नाही, तिला रस्त्याचा विटाळ कुठला? खडावा घालून घरात आणि मठात वावरणारे साधू आपण पूजतो. आषाढी वारीसाठी आळंदीहून पालखी निघते तिच्यात ज्ञानदेवांच्या पादुका असतात. चामड्याचे म्हणाल, तर मृदंगाला चामडे असते आणि तो देवापुढेच वाजतो. रेणुकेला मिळालेल्या पादुकाही चामड्याच्याच होत्या. चामड्याचा विटाळ आपण मानला तो बहुतेक वेळा ते कमावणाऱ्या हातांचा विटाळ होता, आणि तो सोडून देण्यात धर्माचे काही बिघडत नाही. तरी मनाला लागत असेल तर घरासाठी रबराची किंवा कापडाची वेगळी जोडी ठेवा. आरतीच्या वेळी देवघरापुढे स्वच्छ सतरंजी घाला, आईंना खुर्चीवर बसवा, चप्पल बाजूला काढा आणि आरती झाली की पुन्हा घालायला द्या. बसल्या जागी पाय उघडे राहिल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते चालताना.

नेम पूर्ण सोडल्याची खंत आईंना राहू नये म्हणून त्याच्या जागी दुसरा नेम द्या. घटस्थापनेला संकल्प करताना त्यांनी म्हणावे, की यंदापासून अनवाणी राहण्याऐवजी नऊ दिवसांत एका गरजू बाईला छत्री-चप्पल देईन. शास्त्राने हे दान पुण्याचे म्हटलेच आहे. आणि त्याच सकाळी डॉक्टरांच्या मापाने घेतलेली नवी जोडी घटापुढे ठेवा, हळदकुंकू वाहा, आणि आईंच्या पायात ती तुम्ही स्वतः घाला. रात्री झोपण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात त्यांचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. त्यांना कळत नाही ते तुमच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. नवरात्र संपले तरी हा नेम मात्र सोडू नका.