उत्तरवाहिनी वैनगंगा आणि नित्याचे ध्यान

॥ श्री मार्कंडेश्वर प्रसन्न ॥

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील श्रीक्षेत्र मार्कंडादेव येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. दक्षिणेकडे निघालेली ही सरिता काही अंतर उत्तरेस वळते आणि पुन्हा आपला मार्ग धरते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळून ती प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. उत्तरवाहिनी तीर्थाचे माहात्म्य भाविक जाणतातच. तथापि साधनेचे मर्मही या वळणातच आहे. वळताना नदी वाहणे सोडत नाही. मनुष्यानेही कर्म न सोडता मन काही काळ अंतर्मुख करावे आणि त्याच शांतीने पुन्हा कर्माकडे यावे. हेच नित्याचे ध्यान होय.

मृकंडू ऋषींना पुत्र लाभला, पण आयुष्य अवघे 16 वर्षांचे. काळ समोर येऊन उभा राहिला तेव्हा बालक मार्कंडेय शिवपूजेत मग्न होता. त्याने शिवलिंगास मिठी मारली. भगवान शंकर प्रकटले आणि काळाला माघार घ्यावी लागली. ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती मिठी त्या एका क्षणी सुचलेली नव्हती. रोज ज्याच्या चरणी मन ठेवले, त्याच्याकडेच संकटात हात आपोआप गेले. ज्याला नित्य स्मरण नाही, त्याला संकटात केवळ भयच आठवते.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात काळाची छाया दूर नसते. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचण्यासाठी माता-भगिनी पहाटेच अरण्यात जातात. वाकून फुले वेचताना वाघाच्या हल्ल्यात प्राण गेल्याच्या घटना येथे अनेकदा घडल्या आहेत. अशा घरात ‘देव कोठे होता?’ हा प्रश्न उठतो. त्याला शब्दांनी उत्तर देऊ नये; शेजाऱ्याने त्या घरी जाऊन बसावे, त्यांच्या चुलीची चिंता वाहावी, हीच तेथील पूजा होय. स्मरण म्हणजे बेसावधपणा नव्हे. खरे ध्यान कान मिटीत नाही, उघडते. वानराचा इशारा ऐकू येतो, सोबतिणीचे भान राहते. एकट्याने न जाता समूहाने जाणे, पुरता उजेड होऊ देणे, हाही देवाने दिलेल्या देहाचा सन्मानच आहे.

येथील माडिया-गोंड समाजात पंडुमाची परंपरा आहे. नवे फूल, फळ वा धान्य आधी देवाला अर्पण होते, मगच मुखी लागते. घास घेण्यापूर्वीचा तो क्षणभराचा थांबा म्हणजेच कृतज्ञतेचे ध्यान. त्यासाठी आसन लागत नाही, शास्त्राध्ययनही लागत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) तरुण वयात चिमूर परिसरातील रामदिघी व गोंदोडा येथील वनात तप केले. परंतु ते अरण्यातच राहिले नाहीत. हाती खंजिरी घेऊन ते गावोगावी गेले, पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी लोकांना दिली आणि ‘ग्रामगीते’त गावाच्या सेवेलाच साधनेचे स्थान दिले. गुहेत लाभलेली शांती चावडीपर्यंत पोहोचली. नदीचे वळण ते हेच.

भाविकांनी दर्शन घेऊन परतताना एवढाच नेम सोबत न्यावा. पहाटे अंथरुणावरून उठल्यावर भूमीला पाय लावण्यापूर्वी पाच श्वास शांतपणे घ्यावेत व शिवनाम स्मरावे. बांधीत रोवणी करताना प्रत्येक पऱ्ह्यासोबत एक नाम रोवावे. चिखलात उमटलेले हातही अर्चनच करतात. सायंकाळी दिवा लागल्यावर घरातील सर्वांनी क्षणभर एकत्र बसावे. त्या दिवशी कोणास कठोर बोलले असल्यास तेथेच मन निवळावे. नेम एखादे दिवशी चुकला तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

महाशिवरात्रीच्या यात्रेत सहस्रावधी भाविक वैनगंगेत स्नान करतात. यात्रा सरते, घाट रिता होतो, नदी मात्र रोज वळते. तिचे ते वळण ज्याच्या अंतरी उमटले, त्याच्या ओसरीतच मार्कंडेश्वराचे मंदिर उभे राहते.

॥ ॐ नमः शिवाय ॥